लहान बेट, मोठी कंपनी : सही होण्याआधी हातात काय काय हवं?

किनारवाट

हा प्रश्न कुठल्या एका बेटाचा नाही, कारण समुद्र बदलला तरी क्रम तोच दिसतो. चारपाचशे वस्तीचं बेट, मुख्य भूमीपासून बोटीने दीड-दोन दिवस. जमीन पिढ्यानपिढ्या सामायिक, कुणाच्या नावावर कागद नाही. प्यायला विहिरी. एक दिवस कंपनीची माणसं येतात, "फक्त माहिती द्यायला" सभा घेतात, धक्का, दवाखाना, नोकऱ्या असं सगळं सांगतात आणि निघताना एका कागदावर सह्या-अंगठे घेतात. सहा महिन्यांनी कळतं की साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा अर्ज सरकारात दाखल झालाय आणि गावाची संमती म्हणून तोच कागद त्याला जोडलाय.

अशा वेळी पहिल्या महिन्याभरात नेमकं काय करायचं? पाणी धोक्यात येणार हे सगळ्यांना कळत असतं, पण ते सिद्ध करायला काय मोजायचं आणि कसं? कोर्ट गाठावं की कंपनीला पैसा पुरवणाऱ्या संस्था? आणि गावानेच बोलणी करायची ठरवली, तर करारात कशावर अडून बसायचं? जनजागृती करा, एकजूट ठेवा, हे सल्ले माहीत आहेत. वहीत काय लिहायचं, बाटलीत काय भरायचं, कुठला कागद कुठे द्यायचा, इतक्या बारीक पातळीवरचं उत्तर हवंय.


दप्तरदार

त्या सह्यांच्या कागदापासूनच सुरुवात करू. हजेरीपट कंपनीने आणलेला असतो. वर मजकूर नसतो, किंवा गावाला न कळणाऱ्या भाषेत असतो, आणि कोऱ्या जागेत मागाहून एक वाक्य येऊन बसतं. म्हणून हजेरीपट गावाने आणायचा. प्रत्येक पानावर पहिल्या सहीच्या वर गावाच्या भाषेत "ही फक्त हजेरी आहे, कशालाही संमती नाही" असं शाईने लिहायचं. तारीख आणि पान क्रमांक टाकायचा. शेवटच्या सहीखाली रेघ ओढून उरलेली जागा तिरकी काट मारून बंद करायची. पान दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढायचा.

सह्या आधीच गेल्या असतील तर कळल्याच्या आठवड्याभरात लेखी हरकत द्या. कोणत्या तारखेच्या सभेत, कुणी, काय सांगून सह्या घेतल्या आणि त्या संमती का नव्हेत, एवढंच लिहायचं. एकाच पानात. प्रती तीन : कंपनीला, भाडेपट्टा देणाऱ्या खात्याला आणि पर्यावरण खात्याला. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. पुढे प्रकरण कुठेही गेलं तरी "तेव्हा का बोलला नाहीत?" हा पहिला प्रश्न येतो आणि ही पोच हे त्याचं उत्तर असतं.

यानंतर लगेच, गावाच्या वतीने सही करायचा अधिकार कुणाला आहे, ते गावाने लिहून काढायचं. गावाने ते ठरवलं नाही तर कंपनी ठरवते. प्रशांत महासागरातलं बानाबा हे जेमतेम ६ चौरस किलोमीटरचं बेट. १९०० साली फॉस्फेट शोधत आलेल्या कंपनीने तिथल्या एका माणसाला राजा मानून त्याची सही घेतली : ९९९ वर्षांचा खाणहक्क, मोबदला वर्षाला ५० पौंड. जमीन वेगवेगळ्या कुटुंबांची होती, ती सगळ्यांच्या वतीने देऊन टाकायचा अधिकार त्या माणसाला नव्हता. पण कागद झाला होता. खाण १९७९ पर्यंत चालली, बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडून निघाला, आणि माणसांना १९४५ च्या डिसेंबरात फिजीमधल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. लोक लंडनच्या कोर्टात गेले. तिथे खटल्याची सुनावणी दोनशेहून अधिक दिवस चालली आणि १९७६ साली निकाल लागला की सरकारवर विश्वस्त म्हणून कायद्याने बांधील जबाबदारी येत नाही.

तेव्हा ठरावात निदान एवढं हवं : जमीन, पाणी आणि समुद्र यांबाबत कुणीही एकटा सही करू शकत नाही. निर्णय दोन सभांमध्ये होईल, दोन्हींत किमान तीन आठवड्यांचं अंतर राहील. गणसंख्या किती आणि त्यात बायकांची किती. कामासाठी बाहेर गेलेल्यांचं मत कसं घ्यायचं. बाहेर गेलेल्यांचा मुद्दा बहुतेक ठिकाणी सुटून जातो आणि मग कंपनी त्यांना शहरात गाठून वेगळ्या सह्या गोळा करते. कंपनी सभेला येणार असेल तर निर्णयाची सभा वेगळी ठेवा आणि त्या वेळी तिचं कुणीही तिथे नको, अगदी दुभाष्यासुद्धा.

भेटवस्तूंची एक वही ठेवा. इंजिन, सोलर दिवे, मंदिर-चर्चला देणगी, मुलांना शिष्यवृत्ती, जे येईल ते सगळ्यांच्या नावाने आणि नोंद करूनच. कंपनीत नोकरी धरणाऱ्याला वाळीत टाकू नका. त्याने ते जाहीर करावं आणि त्या विषयावर मत देऊ नये, एवढंच पुरे. गावं फुटतात ती बहुतेकदा नोकरी मिळालेली घरं आणि न मिळालेली घरं यांच्यामधल्या भिंतीवरून. कंपनीचा "संपर्क अधिकारी" हीच भिंत शोधत असतो.


गोडंपाणी

पाण्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण लहान बेट राहण्याजोगं राहील की नाही हे त्याच्यावरच ठरतं आणि मोजायला ते सगळ्यात स्वस्त आहे.

लहान, सखल बेटाखाली गोडं पाणी भिंगाच्या आकारात तरंगत असतं. वर पावसाचं हलकं पाणी, खाली समुद्राचं जड. दोन्हींच्या घनतेतल्या फरकामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. प्रत्यक्षात मधे मचूळ थर असतो, त्यामुळे कमीच मिळतं. पण हे प्रमाण उलटंही लागू होतं : उपशामुळे पातळी १० सेंटिमीटरने कायमची उतरली तर भिंग खालून हळूहळू ४ मीटरने झिजतं. विहिरीत डोकावणाऱ्याला वीतभरही फरक दिसत नाही. शिवाय एकाच जागी जोरदार पंप लावला की त्याच्या बरोबर खाली खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. पंप बंद केला तर पातळी लवकर सावरते, खारटपणा मात्र महिनोनमहिने हटत नाही. जमिनीची पट्टी साधारण तीनशे मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिच्याखाली भरवशाचं भिंग बहुधा बनतच नाही.

कंपनीच्या अहवालात एक हिशेब असतो आणि तो दिसायला निर्दोष असतो. धरा, भिंग १ चौरस किलोमीटरखाली आहे, पाऊस वर्षाला २००० मिलिमीटर, त्यातला ३० टक्के मुरतो. म्हणजे वर्षाला ६ लाख घनमीटर. त्यातला तिसरा हिस्सा उपसणं सुरक्षित मानलं तर रोजचे साडेपाचशे घनमीटर झाले. पाचशे माणसांना हे मुबलक वाटतं आणि कंपनीच्या रिसॉर्टलाही पुरेल असं लिहिलेलं असतं. चूक दोन ठिकाणी असते. पाऊस सरासरी धरलेला असतो. कोरड्या वर्षी पाऊस निम्मा झाला तर मुरणारं पाणी निम्म्याहूनही खाली जातं, कारण झाडं आपला वाटा आधी घेतात. दुसरं म्हणजे बेटाचं सगळं क्षेत्रफळ भिंगाचं म्हणून धरतात, जेव्हा किनाऱ्याजवळचा पट्टा मुळातच मचूळ असतो. म्हणून लेखी मागणी करा : सलग दोन कोरड्या वर्षांचा हिशेब द्या आणि गोडं क्षेत्र कुठल्या बोअरच्या मोजणीवरून ठरवलं ते दाखवा.

"आम्ही समुद्राचं पाणी गोडं करून वापरू" असं उत्तर आलं तर बांधकामाच्या काळाबद्दल विचारा. तो प्लांट चालू व्हायच्या आधीच काँक्रीट ओतलं जातं. एका घनमीटर काँक्रीटला नुसतं कालवायला दीडशे ते दोनशे लिटर गोडं पाणी लागतं, वर क्युरिंगचं, म्हणजे ओलं ठेवून पक्कं करायचं, वेगळं, आणि मजुरांची संख्या कधीकधी गावाइतकी असते. प्लांट चालू झाल्यावरही दर लिटर गोड्या पाण्यामागे साधारण दीड लिटर दाट खारं पाणी बाहेर पडतं. ते उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतल्या पाण्यात, सोडणार की प्रवाळाच्या भिंतीपलीकडे, याचा नकाशा मागा.

आता मोजणी. हातात मावणारा विद्युतवाहकता मीटर लागतो, म्हणजे ईसी मीटर, तापमान आपोआप २५ अंशांवर जुळवून घेणारा. सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाणित द्रावण. दर वेळी मोजण्याआधी द्रावणात तपासा आणि तो आकडाही वहीत लिहा, नाहीतर तीन वर्षांच्या नोंदी एका उलटतपासणीत वाया जातील. समुद्राचं पाणी ५०,००० च्या आसपास येतं, चांगली विहीर काही शेकड्यांत. १५०० च्या पुढे जिभेला कळू लागतं आणि २५०० ही अनेक प्रवाळ बेटांवर गोड्या पाण्याची वरची मर्यादा धरतात.

पाच-सहा विहिरी पुरतात, पण एक किनाऱ्यालगतची, एक बेटाच्या मध्यावरची आणि एक कंपनीने मागितलेल्या जागेच्या जवळची असलीच पाहिजे. आठवड्यातून एकदा, पहाटे, पहिली घागर बुडायच्या आत मोजा. काठावर रंगाने खूण करून तिथूनच टेपने पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. भरतीची वेळ लिहायलाच हवी, कारण कित्येक विहिरी समुद्राबरोबर वर-खाली होतात आणि भरती-ओहोटीचा फरक उपशाचा परिणाम म्हणून खपत नाही. साधं पर्जन्यमापकही बसवा. पावसाची नोंद नसेल तर "दुष्काळामुळे खारट झालं" हे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्यांत दूरच्या बेटांची एक अडचण ठरलेली आहे. जिवाणूंचा नमुना थंड ठेवून साधारण २४ तासांत पोचावा लागतो, दीड दिवसाच्या बोटीवर ते जमत नाही. त्यासाठी बेटावरच एच-टू-एस बाटली, म्हणजे मैल्यातले जिवाणू असतील तर रंग बदलणारी चाचणी-बाटली, वापरा. पाणी काळं पडलं तर दूषित. ही प्राथमिक चाचणी आहे, निर्णायक पुरावा नव्हे. धातूंचे नमुने मात्र टिकतात. प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घातलेल्या बाटल्या आधी मागवून घेतल्या तर बहुतेक धातूंसाठी सहा महिन्यांची मुदत मिळते, पाऱ्याला फक्त २८ दिवस. आम्ल असलेली बाटली विसळू नका, ही चूक फार होते. प्रत्येक खेपेला ताडून बघण्यासाठी एक बाटली शुद्ध पाण्याची आणि एखाद्या विहिरीची दुसरी, जोडीची बाटलीही पाठवा. कुणी भरली, कुणी बोटीत ठेवली, कुणी उतरवून घेतली, हे वेळेसह एका कागदावर सह्यांनिशी चालत राहिलं पाहिजे.

हे सगळं कंपनी येण्याआधीचं किमान एक वर्ष असेल तर सोनं. ते नसेल तर आज सुरू करा. पहिलं यंत्र उतरण्याआधीच्या चार महिन्यांच्या नोंदीही शून्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात.


नकाशाकार

नकाशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सामायिक जमिनीला कागद नसतो तेव्हा "पडीक" असा शिक्का सहज बसतो. वापराचा नकाशा हे त्याला उत्तर. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर असतं, दाट झाडीत चूक वाढते. प्रत्येक बिंदूवर दोन-तीन मिनिटं थांबा आणि फोनने दाखवलेली अचूकताही लिहा. मोठ्या कागदावर १ : ५००० हे प्रमाण बसतं, म्हणजे एक सेंटिमीटरला ५० मीटर. माडाची राई, कंदांचे खड्डे, खेकड्यांच्या जागा, होड्या ओढायची वाट, जाळी कुठल्या महिन्यात कुठे लागतात, हे सगळं घ्या. कंपनीचा सर्वे बहुधा एकाच ऋतूतला असतो, म्हणून समुद्राचा वापर बारा महिन्यांच्या कोष्टकात दाखवा. दोन कुटुंबांत हद्दीचा वाद असेल तर तो नकाशावर मिटवायला जाऊ नका. तुटक रेघ काढून पुढे चला. पूजेच्या, दफनाच्या जागांचे नेमके बिंदू बाहेर देऊ नका, बाहेरच्या प्रतीत मोठं वर्तुळ पुरतं.

नकाशा कसा बनला हे तो काय दाखवतो याइतकंच महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिवी बेटं आहेत. तिथल्या लोकांनी २०२२ साली समुद्रातल्या वायुप्रकल्पाच्या ड्रिलिंगची परवानगी फेडरल कोर्टात रद्द करून घेतली, कारण ज्यांचं त्या समुद्राशी नातं आहे त्यांचा नीट सल्लाच घेतला नव्हता. डिसेंबरात अपिलातही ते टिकलं. त्याच प्रकल्पाच्या पाइपलाइनविरुद्धचा दुसरा दावा मात्र जानेवारी २०२४ मध्ये फेटाळला गेला. तिथे तज्ज्ञाने कार्यशाळेत लोकांकडून करून घेतलेल्या सांस्कृतिक नकाशावर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला नाही आणि वकिलाने साक्षीदारांना सुचवल्याबद्दलही कडक शब्द लिहिले. लोकांची बाजू मांडणाऱ्या कायदेसंस्थेवर सुमारे ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा बोजा आला. तेव्हा कार्यशाळेचं पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्डिंग ठेवा. "इथे काय आहे?" असा मोकळा प्रश्न विचारा, "इथे पवित्र जागा आहे ना?" असा नको. रेघ कुणाच्या हातची, ते नाव आणि वेळ तिथेच लिहा. वकील नकाशाच्या खोलीबाहेर बसलेला बरा.


किनारवाट

तिघांचेही आभार, पाण्याचं तर छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. तिवीचा दुसरा निकाल वाचून मात्र धास्ती वाटली. इतका खर्च अंगावर येऊ शकत असेल तर कोर्ट टाळावं का? आणि ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल, आठशे पानांचा असेल तर पाचशे माणसांच्या बेटाने तो वाचायचा कसा?


हरकतदार

कोर्ट टाळायचं की नाही, यापेक्षा मुदत चुकवायची नाही हे आधी. परवानगीला आव्हान द्यायची मुदत बऱ्याच देशांत काही आठवडे ते तीन महिने एवढीच असते आणि ती परवानगीच्या किंवा ती कळल्याच्या तारखेपासून धावते. बोट महिन्यातून एकदा येत असेल तर पहिल्या पत्राला उत्तर येईपर्यंतच मुदत संपते. म्हणून परवानगी मिळण्याच्या आधीच राजधानीतला एक वकील लेखी अधिकारपत्र देऊन नेमून ठेवा आणि तो राजपत्र, खात्याची वेबसाइट दर आठवड्याला बघेल असं ठरवा. पैसे नसतील तर कायदा महाविद्यालयांची विधी-साहाय्य केंद्रं हे काम करू शकतात.

पहिला दावा शक्यतो प्रक्रियेवर असावा : सल्ला घेतला नाही, अहवाल अपुरा, अधिकाराबाहेर परवाना. नुकसानभरपाईचा दावा लांबतो. फिलिपिन्सच्या मरिन्डुके बेटावर २४ मार्च १९९६ ला जुन्या खाणीच्या खड्ड्यातल्या बोगद्याचं बूच निसटून १६ लाख घनमीटर गाळ बोआक नदीत आला. रहिवाशांनी २००१ मध्ये लावलेल्या दाव्याचा निकाल यायला २०२२ साल उजाडलं. याउलट इंडोनेशियाच्या सांगिहे बेटावर सोन्याच्या खाणीला ४२,००० हेक्टर, म्हणजे निम्म्याहून जास्त बेट दिलं होतं. तिथल्या गावकऱ्यांनी परवान्यालाच आव्हान दिलं. २००० चौरस किलोमीटरपर्यंतच्या लहान बेटांना संरक्षण देणारा कायदा त्या देशात आहे, त्याचा आधार मिळाला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द ठरवला. दोन वर्षांच्या आतबाहेर. मात्र त्यानंतरही तिथे बेकायदा खोदकाम चालूच राहिलं, म्हणून निकालाच्या दिवशी पहारा उठवू नये.

खर्चाची भीती खरी आहे. दावा दाखल करण्याआधी वकिलाला लेखी विचारा : हरलो तर दुसऱ्या बाजूचा खर्च कोण देणार, त्याला कमाल मर्यादा लावून घेता येते का, आणि तात्पुरती स्थगिती मागितली तर नुकसानीची हमी द्यावी लागेल का. हमीचा मुद्दा ऐनवेळी कळला तर हातातली स्थगितीसुद्धा सोडून द्यावी लागते.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. आधी प्रकल्पाचं वर्णन आणि नकाशे : धक्का, रस्ता, दगडखाण, मजुरांची वस्ती आणि इंधनाच्या टाक्या हद्दीच्या आत आहेत की "स्वतंत्र प्रकल्प" म्हणून बाहेर ठेवल्यात? तुकडे पाडून प्रत्येक तुकडा परवानगी लागण्याच्या मर्यादेखाली दाखवणं ही जुनी रीत आहे. मग पाहणीच्या तारखा बघा : किती दिवस, कोणता ऋतू. मग प्रजातींची यादी बेटावरच्या म्हाताऱ्या कोळ्याला वाचून दाखवा. इथे न आढळणारा मासा यादीत निघाला तर ती दुसरीकडून उचललेली आहे. पर्यायांचं प्रकरण आणि प्रकल्प बंद करण्याच्या खर्चाचं प्रकरण सगळ्यात पातळ असतं, ते शेवटी. चार जणांत वाटून घेतलं तर आठवड्यात होतं. हरकती सुट्या, क्रमांक घालून, पान आणि परिच्छेदासह द्या. "प्रकल्प घातक आहे" या एका वाक्याला एका वाक्यात उत्तर मिळतं. "पान २१२, तक्ता ७ : विहीर क्र. ४ ची मोजणी फक्त पावसाळ्यातली" असं लिहिलं तर त्यांना मोजणी परत करावी लागते.

आता पैसा पुरवणारे. अर्ज करणारी कंपनी बहुधा याच कामासाठी काढलेली, जेमतेम भांडवलाची असते. नोंदणी कार्यालयातून संचालक, भागधारक आणि मालमत्तेवरचे कर्जाचे बोजे यांची माहिती काढा. बोजा नोंदवलेला असतो तिथेच कर्ज देणाऱ्याचं नाव असतं. जागतिक बँक गटातल्या, खासगी कंपन्यांना पैसा पुरवणाऱ्या आयएफसीचा पैसा कुठूनही आला असेल, अगदी मधल्या बँकेमार्फतसुद्धा, तर तिच्या कॉम्प्लायन्स ॲडव्हायझर ओम्बड्समन या तक्रार यंत्रणेकडे बाधित लोक स्वतः, आपल्या भाषेत, विनाशुल्क तक्रार करू शकतात. आयएफसीच्या २०१२ च्या मानकांत जमीन आणि विस्थापनासाठी पाचवं, आदिवासी समाजांसाठी सातवं. तक्रारीत मानकाचा क्रमांक, घडलेली गोष्ट, तारीख आणि काय हवंय, एवढंच. मूळ कंपनी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशातली असेल तर त्या देशाच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडेही, म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जाता येतं. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनविल बेटाच्या १५६ रहिवाशांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात तसंच केलं. तिथली पांगुनाची तांब्याची खाण १९७२ ते १९८९ चालली, एक अब्ज टनांहून जास्त गाळ नद्यांत सोडला गेला आणि खाणीची मूळ कंपनी रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपला हिस्सा देऊन टाकून अंग काढून घेतलं होतं. तक्रारीनंतर कंपनीने नुकसानीच्या स्वतंत्र तपासणीचा खर्च उचलायचं मान्य केलं. पहिला अहवाल २०२४ च्या डिसेंबरात आला. या मार्गाने हुकूम मिळत नाही, पण आतली कागदपत्रं उघडी पडतात आणि कर्जाचा पुढचा हप्ता अडू शकतो. म्हणून दोन्ही वाटा एकदम धरा, पण आधी वकिलाला दाखवा, कारण तक्रारीत लिहिलेलं वाक्य खटल्यात तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं.


करारनामा

वरचं वाचून कुणाला वाटेल की बोलणीच करू नयेत. मला तसं वाटत नाही. नकार द्यायची ताकद हातात ठेवून बोलणी करणारं गाव बेजबाबदार नसतं. मात्र बोलण्याआधी गोपनीयतेचा करार पुढे येतो, तो तसाच सही करू नका. त्यानंतर गावाचे प्रतिनिधी गावालाच काही सांगू शकत नाहीत आणि तिथून संशय सुरू होतो. फार तर किमतीचे आकडे, तेही नव्वद दिवसांपुरते.

जी कलमं सोडायची नाहीत ती अशी. मोबदला नफ्यावर नको, विक्रीच्या एकूण रकमेवर हवा, आणि भाव स्वतंत्र बाजारभावाला बांधलेला. नफा कागदावर आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे सरकवता येतो. भाव कंपनीच्या हातात असला की काय होतं ते प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाच्या फॉस्फेटने दाखवलं. खरेदी करणारे देशच खाणही चालवत होते आणि भाव जागतिक भावाच्या खाली राहिला. नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली, पण तोवर बेटाचा बहुतांश मध्यभाग खणून झाला होता.

भाडेपट्टा दुसऱ्याला द्यायला गावाची लेखी परवानगी, हे सगळे लिहितात. त्याच्या पुढचं वाक्य राहून जातं : कंपनीचे किंवा तिच्या मूळ कंपनीचे शेअर विकले गेले तरी ते हस्तांतरच मानलं जाईल. हे नसेल तर कंपनीच विकली जाते आणि पट्टा जागच्या जागी राहून मालक बदलतो. मूळ कंपनीची हमी करारावर सहीनिशी हवी. शेवटी जागा पूर्ववत करायचा पैसा पहिल्या दिवशी बँक हमीच्या रूपात ठेवलेला हवा, रक्कम तिऱ्हाईत ठेकेदाराच्या दराने काढलेली आणि दर तीन वर्षांनी तपासली जाणारी. बोगनविलचं वर आलंच आहे : खाण बंद पडल्यावर वसुली करायला समोर कुणी उरत नाही.

पाण्यासाठी "कंपनी योग्य काळजी घेईल" हे वाक्य फुकट आहे. गोडंपाणी यांनी सांगितलेल्या नोंदी इथे कामाला येतात. असं लिहा : ठरलेल्या तीन विहिरींपैकी कोणत्याही एकीत वाहकता सलग दोन आठवडे अमुक आकड्यावर गेली तर उपसा त्याच दिवशी थांबेल आणि सलग चार आठवडे खाली राहिल्याशिवाय सुरू होणार नाही. मोजणी गाव करेल, कंपनी हवं तर शेजारी उभी राहील. आकडा गावाच्या स्वतःच्या नोंदींवरून ठरवा. उपसा उभ्या बोअरने नको. भूजलाच्या वरच्या थरात आडवी छिद्रांची नळी टाकून अलगद खेचणारी गॅलरी हवी. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशात, तारावा बेटाच्या बोनरिकी भागात तशाच आहेत.

दोन भाषांतला करार असेल तर वादात कुठली प्रत चालेल ते लिहा. लवाद कुठल्या शहरात, हे कलम शेवटच्या पानावर असतं आणि विमानाच्या तिकिटातच गाव हरवलं जातं. "कायदे बदलले तरी कंपनीला लागू होणार नाहीत" अशा अर्थाचं कलम दिसलं तर तिथेच बोलणी थांबवा.

पर्यायी आराखडाही तयार ठेवा. स्कॉटलंडमधल्या एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ साली १५ लाख पौंड उभे करून आख्खं बेट विकत घेतलं. तेव्हा वस्ती पासष्टच्या आसपास होती. नंतर जलविद्युत, पवन आणि सौर जोडून स्वतःचं वीजजाळं उभारलं, दर घराला ५ किलोवॅटची मर्यादा सगळ्यांनी पाळायची या बोलीवर.


गोडंपाणी

करारनामा यांच्या पाण्याच्या कलमात एक भर. थांबण्याचा आकडा विहीरवार वेगळा ठेवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीला १२०० नेहमीचं असेल आणि मधल्या विहिरीला ४००, तर १५०० हा एकच आकडा लावल्यावर मधली विहीर जवळजवळ चौपट खारट होईपर्यंत कुणालाच थांबावं लागत नाही.


किनारवाट

ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती. शेवटचं विचारतो : या सगळ्या वह्या, फोटो, पोच ठेवायच्या कुठे? वादळात छप्पर जातं तिथे कपाटाचा काय भरवसा.


दप्तरदार

बेटाबाहेर एक पूर्ण संच हवाच. कॅरिबियनमधल्या बार्बुडा बेटावर ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ आलं, सगळ्या रहिवाशांना दुसऱ्या बेटावर हलवावं लागलं, आणि माणसं बाहेर असतानाच नव्या विमानतळासाठी जमीन साफ करायला सुरुवात झाली. सामायिक जमिनीचा कायदाही त्याच सुमारास बदलला गेला. विमानतळाला हरकत घेणाऱ्या रहिवाशांना मुळात दावा करायचा अधिकार आहे, एवढंच लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील न्यायालयाकडून, ठरायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. अशा वेळी हातात कागद असायला हवेत.

मूळ वह्या शिवलेल्या आणि पान क्रमांकाच्या घ्या, सुटी पानं नकोत. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. पेन्सिल किंवा न पुसणारी शाई, कारण साधी शाई ओल्यात पसरते. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन मेमरी कार्डांवर ठेवा. एक पुढच्या बोटीने वकिलाकडे, दुसरं बाहेर राहणाऱ्या आणि गावाने ठरावात नाव घातलेल्या माणसाकडे. मूळ वह्या होडीवर वापरतात तसल्या जलरोधक पिशवीत, आणि वादळाचा इशारा आला की ती पिशवी कोण उचलणार, त्याचं नाव आधीच लिहून ठेवा. तो बेटावर नसला तर कोण, त्याचंही.